खेकड्याचे पाय : कर्करोगाच्या गाठीला रक्त कोण पुरवते, या प्रश्नाचा इतिहास

१. येवला म्हटले की इतिहासप्रेमींना तात्या टोपे आठवतात, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे केलेली धर्मांतराची घोषणा आठवते, आणि बाकी साऱ्यांना पैठणी. आजचा धागा या तिन्हींपैकी कशाविषयीही नाही. तो एका प्रश्नाच्या प्रवासाविषयी आहे. हा प्रश्न ग्रीक-रोमन वैद्यांच्या डोळ्यांसमोर होता, बोस्टनमध्ये तो नीट विचारला गेला आणि त्याचे एक उपयोगी उत्तर मुंबईच्या परळमध्ये मिळाले. सुरुवात मात्र येवल्याच्या मागापासून करू.

२. शरीरातील सारख्या पेशींच्या समूहाला मराठी जीवशास्त्रात ‘ऊती’ म्हणतात. हा शब्द संस्कृतातील ‘वे’ म्हणजे विणणे या धातूपासून आला आहे. इंग्रजीतील ‘टिश्यू’चे मूळ फ्रेंचमधील ‘विणलेले’ या अर्थाच्या शब्दात आहे, आणि ‘हिस्टॉलॉजी’मधील ग्रीक ‘हिस्टॉस’ म्हणजे माग. तीन भाषांतील अभ्यासकांना शरीर पाहून विणकामच आठवले. पण विणकराला ठाऊक असते की माग कितीही उत्तम असला तरी रेशीम पुरवणारा हात थांबला की वस्त्र तेथेच थांबते.

३. शरीरातील ऊतीला रेशमाऐवजी रक्त लागते. मग कर्करोगाची गाठ, जी स्वतः एक विस्कटलेली ऊतीच आहे, ती वाढू लागते तेव्हा तिला रक्त कोण पुरवते? तिच्यातील वाहिन्या आधीपासून तेथे असतात, की नव्याने उगवतात? आणि उगवत असतील, तर ती उगवण थांबवता येईल का? आज हे प्रश्न साधे वाटतात. ते असे एकापुढे एक मांडले जायला १९७१ साल उजाडले.

४. गंमत अशी की या प्रश्नाचा साक्षीदार रोगाच्या नावातच बसला होता. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रीक वैद्य या रोगाला ‘कार्किनोस’ म्हणजे खेकडा म्हणत. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याने त्याचे कारण सांगितले : स्तनातील गाठीभोवती फुगलेल्या शिरा चहूबाजूंना पसरतात, त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात. लॅटिनमध्ये खेकडा म्हणजे ‘कॅन्सर’. आपला ‘कर्करोग’ हा शब्द त्याच कल्पनेचे अर्वाचीन रूपांतर आहे. कर्क म्हणजे खेकडा.

५. म्हणजे गेलनने वर्णिलेले ‘पाय’ रक्तवाहिन्यांचे होते. आपण आज हा शब्द उच्चारतो तेव्हा नकळत त्यांचाच उल्लेख करतो. परंतु गेलनच्या मते त्या शिरांत काळे पित्त तुंबले होते. वाहिन्या गाठीला पोसतात, हा विचार त्याच्या शरीरशास्त्रात बसणाराच नव्हता, कारण रक्त शरीरभर फिरून परत हृदयाकडे येते हेच तेव्हा माहीत नव्हते.

६. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ‘अर्बुद’ नावाच्या गाठीचे वर्णन आहे : गोल, स्थिर, खोलवर मूळ असलेली, हळूहळू वाढणारी, न पिकणारी. ‘रक्तार्बुद’ असा रक्तस्रावी प्रकारही सांगितला आहे. निरीक्षण अचूक आहे. पण म्हणून प्राचीनांना आजचे ज्ञान होते, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. अर्बुद आणि कर्करोग यांच्या सीमाही तंतोतंत जुळत नाहीत. जे दिसले ते त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले, हेच त्यांचे मोठेपण.

७. पुढची पायरी १६२८ ची. विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केले. रक्त धमन्यांतून जाते आणि शिरांतून परतते; पण धमनीतून शिरेत ते कसे पोहोचते, हा दुवा त्याला सापडला नाही. हार्वे १६५७ मध्ये वारला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, मार्चेल्लो माल्पिगीने सूक्ष्मदर्शकातून बेडकाचे फुप्फुस पाहिले आणि केसाहून बारीक वाहिन्यांचे जाळे त्याच्या नजरेस पडले. त्याच या केशवाहिन्या. आपल्या कथेची खरी पात्रे याच आहेत.

८. केशवाहिन्या इतक्या दाट का असतात? प्राणवायू रक्तातून बाहेर पडून ऊतीत झिरपतो, पण फार दूर जाऊ शकत नाही. त्याची पोच साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर. त्यापलीकडची पेशी गुदमरते. म्हणून शरीरातील जवळपास प्रत्येक जिवंत पेशी कोणत्या ना कोणत्या केशवाहिनीच्या इतक्या जवळ राहते. कूर्चा आणि डोळ्यातील पारपटल हे ठळक अपवाद. त्यांत रक्तवाहिन्या नसतात. हे दोन अपवाद लक्षात ठेवा.

९. गर्भात वाहिन्यांचे जाळे झपाट्याने तयार होते. प्रौढ शरीरात मात्र ते काम जवळजवळ बंद असते. वाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशी वर्षानुवर्षे विभाजनाशिवाय निवांत पडून असतात. जखम भरताना, मासिक चक्रात गर्भाशयाचे अस्तर वाढताना, गर्भारपणात वार तयार होताना त्या जाग्या होतात; काम संपले की पुन्हा शांत. जुन्या वाहिनीला धुमारा फुटून नवी वाहिनी तयार होण्याच्या या क्रियेला ‘अँजिओजेनेसिस’ म्हणतात. आपण तिला ‘नववाहिनीनिर्मिती’ म्हणू.

१०. कर्करोगाच्या गाठीत वाहिन्या भरपूर असतात, हे एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्रज्ञांना माहीत होते. १९०७ मध्ये एडविन गोल्डमन याने वाहिन्यांत रंगद्रव्य भरून गाठीभोवतीची त्यांची वाढ दाखवली. १९३९ मध्ये सशाच्या कानात बसवलेल्या पारदर्शक खिडकीतून गाठीकडे धावणाऱ्या वाहिन्या पाहिल्या गेल्या. १९४५ मध्ये ग्लेन अल्गायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत असाच अभ्यास करून सांगितले की गाठीची जोमदार वाढ तिच्या या वाहिनीक्षमतेशी जोडलेली आहे. पुरावा साठत होता. त्यातून उपचार निघेल, असे मात्र कोणी म्हणत नव्हते.

११. असे का झाले असावे, हे समजण्यासाठी त्या काळातील मुंबईकडे पाहू. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील विकृतिशास्त्राचे जनक म्हणून त्यांचा गौरव होतो. सूक्ष्मदर्शकाखाली आलेल्या गाठीच्या चकत्यांतून त्यांनी एक पॅटर्न ओळखला : आपल्याकडील तोंडाचा व घशाचा कर्करोग लोकांच्या सवयींशी जोडलेला आहे. १९५५ मध्ये संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणे व चघळणे यांचा या कर्करोगांशी असलेला संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला.

१२. खानोलकर ज्या ‘इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर’चे पहिले संचालक झाले, तेथेच पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे काम करीत होत्या. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतिसंवर्धन शिकल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. शरीराबाहेर, काचपात्रात, पेशी जिवंत ठेवण्याची ती विद्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.

१३. आता या दोन खिडक्यांतून काय दिसते, याचा विचार करा. विकृतिशास्त्रज्ञाच्या काचपट्टीवरील गाठ मृत असते. तिच्यातील रक्त वाहत नाही. काचपात्रातील पेशी पोषक द्रवात बुडालेल्या असतात. त्यांना वाहिनीची गरजच पडत नाही. दोन्ही पद्धती मोलाच्या होत्या आणि आहेत. पण ‘गाठीला रक्त कोण पुरवते?’ हा प्रश्न त्यांच्यातून सहज उभा राहत नव्हता. ही मर्यादा मुंबईची नव्हती, साऱ्या जगातील कर्करोगशास्त्राची होती. जिवंत, गरम, रक्ताने थबथबलेली गाठ रोज हाताळत होता तो शल्यचिकित्सक. प्रश्न तिकडूनच आला.

१४. ज्यूडा फोकमन हा ज्यू धर्मगुरूचा मुलगा, जन्म १९३३. शल्यचिकित्सेचे शिक्षण चालू असताना १९६० मध्ये त्याला अमेरिकी नौदलात सेवेसाठी जावे लागले. काम होते रक्ताला पर्याय शोधण्याचे. लांब सफरीवरच्या जहाजांसाठी हिमोग्लोबिनचे द्रावण वापरता येईल का, हे तपासायचे होते. त्यासाठी फोकमन आणि फ्रेडरिक बेकर यांनी प्राण्याची अवटू ग्रंथी शरीराबाहेर काढून, तिच्या वाहिन्यांत ते द्रावण खेळवून जिवंत ठेवली. ग्रंथी खरोखर जिवंत आहे याची खात्री करण्यासाठी तिच्यात कर्कपेशी टोचल्या.

१५. गाठी वाढल्या, पण टाचणीच्या डोक्याएवढ्या, एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि थांबल्या. मेल्या होत्या का? नाही. त्याच गाठी उंदराच्या शरीरात ठेवल्या तर भराभर वाढत. फरक एकच होता. उंदरात गाठीत नव्या वाहिन्या शिरत होत्या, वेगळ्या काढलेल्या ग्रंथीत शिरत नव्हत्या. शोध रक्ताच्या पर्यायाचा चालला होता, आणि हाती लागला रक्तपुरवठ्याचा प्रश्न.

१६. १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी, फोकमन बोस्टनच्या बालरुग्णालयाचा मुख्य शल्यचिकित्सक झाला. १८ नोव्हेंबर १९७१ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये त्याचा लेख आला. मांडणी थोडक्यात अशी : वाहिन्यांविना गाठ एक-दोन मिलिमीटरपलीकडे जाऊ शकत नाही, गाठ एक पदार्थ सोडून शेजारच्या वाहिन्यांना धुमारे फोडायला लावते, तो पदार्थ अडवला, तर गाठ टाचणीच्या डोक्याएवढीच राहील. पेशीला मारण्याऐवजी तिची रसद तोडायची. मराठ्यांच्या युद्धनीतीशी परिचय असलेल्या वाचकांना ही कल्पना नवी वाटणार नाही.

१७. वैद्यकजगताला मात्र ती पटली नाही. गाठीतील वाहिन्या म्हणजे केवळ दाह, मरणाऱ्या पेशींचा परिणाम, असे बहुतेकांचे मत होते. शल्यचिकित्सकाने जीवशास्त्रात लुडबुड करू नये, हा सूरही होता. तो पदार्थ प्रत्यक्ष कोणी वेगळा काढला नव्हता, त्यामुळे आक्षेप अगदीच निराधारही नव्हते. ही गोष्ट ‘एकटा द्रष्टा आणि मूर्ख जग’ अशी सांगितली जाते. ते सोपे आहे, पण पूर्ण खरे नाही. पुरावा मागणे हे जगाचे काम होते. पुरावा देणे फोकमनचे.

१८. पहिला देखणा पुरावा १९७२ मध्ये आला. सशाच्या डोळ्यात पारपटलामागे पाण्यासारख्या द्रवाची एक पोकळी असते, तेथे वाहिन्या नसतात. तिच्यात मध्यभागी ठेवलेला गाठीचा कण जिवंत राहिला, पण एक मिलिमीटरच्याही आत थबकला. तोच कण वाहिन्यांनी भरलेल्या बुबुळाजवळ नेला की वाहिन्या त्याच्याकडे धावत आणि काही दिवसांत त्याचे आकारमान हजारो पटींनी वाढे. डोळा पारदर्शक असल्यामुळे हे सारे बाहेरून पाहता येत होते.

१९. दुसरा अपवाद कूर्चेचा. तिच्यात वाहिन्या शिरत नाहीत, म्हणजे तिच्यात त्यांना रोखणारे काही असावे. फोकमनच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट लँगर या तरुण रासायनिक अभियंत्याने कत्तलखान्यातून आणलेल्या हाडांवरची कूर्चा खरवडून तिचा अर्क तयार केला आणि तो वाहिन्यांची वाढ रोखतो हे १९७६ मध्ये दाखवले.

२०. येथे एक सावधगिरीची नोंद. याच कूर्चासंशोधनाचा आधार सांगत पुढे शार्क माशाच्या कूर्चेची पूड कर्करोगावरील औषध म्हणून जगभर विकली गेली. शार्कला कर्करोग होतच नाही, असा प्रचार झाला, तो होतो. माणसांवर रीतसर चाचण्या झाल्या तेव्हा पुडीचा काही फायदा दिसला नाही. अर्धवट विज्ञानाची भोंदूगिरी पूर्ण अज्ञानापेक्षा अधिक फसवी असते, कारण तिच्याकडे दाखवायला एक खरा प्रयोग असतो.

२१. मग तो संदेशवाहक पदार्थ कोणता? १९८३ मध्ये बोस्टनमध्येच हॅरॉल्ड ड्वोराक यांच्या गटाला गाठीतून स्रवणारे, वाहिन्या पाझरत्या करणारे एक प्रथिन सापडले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातील जेनेनटेक कंपनीत नेपोलिओने फेरारा यांनी वाहिन्यांच्या अस्तरपेशींना वाढवणारे प्रथिन शुद्ध केले. दोन्ही एकच निघाले. त्याचे नाव व्हीईजीएफ. १९७१ मध्ये ज्याचे अस्तित्व केवळ तर्काने मांडले होते, त्याला आता रेणूचा चेहरा मिळाला.

२२. क्रम असा आहे. गाठीच्या आतल्या पेशींना प्राणवायू कमी पडतो. पेशीतील प्राणवायूमापक यंत्रणा जागी होते; ही यंत्रणा उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. पेशी व्हीईजीएफ सोडते. शेजारच्या केशवाहिनीतील एखादी अस्तरपेशी त्या दिशेने बोटासारखे तंतू काढून पुढे सरकते, मागच्या पेशी विभागत तिच्यामागे येतात, त्यांच्यात पोकळी होते आणि रक्त वाहू लागते. जखम भरतानाही हेच घडते. फरक इतकाच की जखम भरली की संदेश थांबतो. गाठीत तो थांबत नाही. म्हणूनच ड्वोराक यांनी १९८६ मध्ये गाठींना ‘न भरणाऱ्या जखमा’ म्हटले.

२३. या नव्या वाहिन्या दुहेरी घात करतात. त्यांच्यातून गाठीला अन्न व प्राणवायू मिळतो, आणि त्यांच्याच वाटेने कर्कपेशी रक्तात उतरून दूरच्या अवयवांत घर करतात. शिवाय घाईत विणलेल्या वस्त्राप्रमाणे त्या वेड्यावाकड्या आणि झिरपणाऱ्या असतात. त्यामुळे औषधही गाठीत सर्वत्र सारखे पोहोचत नाही.

२४. नव्वदच्या दशकात फोकमनच्या प्रयोगशाळेत मायकेल ओ’रायली यांनी शरीरातच तयार होणारे दोन वाहिनीरोधक शोधले : १९९४ मध्ये अँजिओस्टॅटिन, १९९७ मध्ये एंडोस्टॅटिन. उंदरांतील गाठी विरघळल्या. ३ मे १९९८ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी छापली. दुसऱ्या दिवशी संबंधित कंपनीच्या समभागाचा भाव काही पटींनी उसळला. रुग्णालयांचे दूरध्वनी खणखणू लागले. फोकमन स्वतः मात्र सांगत राहिला की आजवर बरे झाले आहेत ते उंदीर.

२५. त्याची सावधगिरी रास्त ठरली. माणसांत ते दोन पदार्थ त्या अपेक्षेला उतरले नाहीत. यश आले फेरारा यांच्या वाटेने. व्हीईजीएफला पकडून निकामी करणारे प्रतिपिंड ‘बेव्हॅसिझुमॅब’ २६ फेब्रुवारी २००४ रोजी अमेरिकेत पसरलेल्या आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. निर्णायक चाचणीत नेहमीच्या औषधांसोबत ते दिल्यावर मध्यक आयुर्मान १५.६ महिन्यांवरून २०.३ महिन्यांवर गेले. म्हणजे जवळपास पाच महिने. ३३ वर्षांच्या वादाचा निकाल लागला : वाहिन्यांचा तर्क खरा होता. पण स्वप्न गाठ कायमची झोपवण्याचे होते. हाती आले काही महिने.

२६. कारण गाठ एकाच संदेशावर अवलंबून नसते. व्हीईजीएफ अडवले की ती दुसऱ्या रेणूंची वाट धरते. स्तनाच्या कर्करोगासाठी याच औषधाला दिलेली मंजुरी अमेरिकी औषध प्रशासनाने मागे घेतली, कारण आयुष्य लांबत असल्याचा पुरावा मिळाला नाही. ती तारीख होती १८ नोव्हेंबर २०११, फोकमनच्या लेखाला बरोबर चाळीस वर्षे झाली तो दिवस. हे पाहायला तो नव्हता. १४ जानेवारी २००८ रोजी प्रवासात, डेन्व्हरच्या विमानतळावर त्याचा मृत्यू झाला.

२७. मोठे यश दुसरीकडे मिळाले. म्हातारपणी डोळ्याच्या पडद्यामागे नको त्या वाहिन्या वाढून दृष्टी जाते. त्या आजारावर व्हीईजीएफरोधक इंजेक्शने आली आणि असंख्य ज्येष्ठांची नजर वाचली. प्रश्न कर्करोगाचा विचारला आणि उत्तराचा लाभ आजीच्या डोळ्यांना झाला. विज्ञानाच्या इतिहासात हे वारंवार घडते.

२८. आता किमतीकडे वळू. प्रतिपिंडाची औषधे महाग; शिरेतून द्यावी लागतात, त्यासाठी खाट, परिचारिका, पुन्हा पुन्हा फेऱ्या. येवल्याहून मनमाड गाठायचे, तेथून मुंबईची गाडी. परळपर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर. सोबत एक माणूस, त्या माणसाचीही मजुरी बुडालेली, आणि मुंबईत राहायचे कोठे हा प्रश्न वेगळाच. ज्या उपचाराची फी परवडते त्याचा प्रवास परवडत नाही, हे आपल्या तालुक्यांतील अनेक घरांचे वास्तव आहे.

२९. याच टप्प्यावर २००० सालचा एक प्रयोग महत्त्वाचा ठरतो. फोकमनच्या प्रयोगशाळेत टिमथी ब्राउडर यांनी आणि कॅनडात रॉबर्ट केर्बेल यांच्या गटाने जुनी केमोथेरपीची औषधेच वेगळ्या रीतीने दिली. तीन आठवड्यांनी एकदा मोठा घाव घालण्याऐवजी थोडी मात्रा, पण वारंवार, खंड न पाडता. मोठ्या डोसानंतरच्या विश्रांतीत वाहिन्यांच्या पेशी सावरतात. सततच्या लहान मात्रेत त्यांना सावरायला उसंत मिळत नाही. लय धरून टिकटिकणाऱ्या मेट्रोनोमवरून या पद्धतीला ‘मेट्रोनॉमिक’ हे नाव पडले.

३०. आता पुन्हा परळ. खानोलकरांनी ज्या रोगाचे मूळ तंबाखूत दाखवले होते, तो तोंडाचा आणि घशाचा कर्करोग आजही टाटा मेमोरियलमधील मोठा प्रश्न आहे. डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाष आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ ते २०२० या काळात ४२२ रुग्णांवर चाचणी केली. हे सर्व रुग्ण असे होते की ज्यांचा रोग उलटला, पसरला किंवा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेला होता. अर्ध्यांना शिरेतून सिसप्लाटिन, अर्ध्यांना तोंडाने दोन जुन्या, स्वस्त गोळ्या : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोन वेळा सेलेकॉक्सिब. सेलेकॉक्सिब हे मुळात सांधेदुखीचे औषध. ते वाहिन्यांची वाढही रोखते, असे प्रयोगांत दिसले होते.

३१. निकाल २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आला. सिसप्लाटिनच्या गटाचे मध्यक आयुर्मान ६.१ महिने, गोळ्यांच्या गटाचे ७.५ महिने. गंभीर दुष्परिणाम सिसप्लाटिनवर ३० टक्के रुग्णांत, गोळ्यांवर १९ टक्के रुग्णांत. पुढे २०२३ मध्ये याच गटाने तीन गोळ्यांच्या मेट्रोनॉमिक उपचाराला निव्होलुमॅब या महागड्या प्रतिकारशक्तीवर्धक औषधाची अगदी अल्प मात्रा जोडली. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले.

३२. हे आकडे वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. गोळ्यांचा परिणाम केवळ वाहिन्यांवरच होतो असे नाही. प्रतिकारशक्तीवरही होत असावा, आणि कोणाचा वाटा किती हे अजून तपासले जात आहे. दुसरे, मेथोट्रेक्सेट आठवड्याऐवजी रोज घेतले तर जिवावर बेतू शकते. म्हणून हा इतिहास आहे, औषधाची चिठ्ठी नव्हे. ‘घरी घ्यायची गोळी’ याचा अर्थ डॉक्टरांच्या देखरेखीखाली घरी घ्यायची गोळी.

३३. ६.१ आणि ७.५ यांतला फरक किती? दीड महिन्याहूनही कमी. १९९८ च्या मथळ्यांपुढे हे काहीच नाही. पण हे महिने रुग्णालयाच्या खाटेवरचे नाहीत. ते घरच्या ओसरीवरचे, मागाच्या आवाजाच्या टप्प्यातले, मुलाच्या लग्नाची बोलणी स्वतः ऐकण्याचे महिने आहेत. ज्याच्याकडे मोजकेच दिवस आहेत, त्याला ते कोठे घालवायचे हे ठरवता येणे ही लहान गोष्ट नव्हे.

३४. शिवाय येथे इतिहास वर्तुळ पूर्ण करतो. वाहिन्यांविषयीचा प्रश्न विचारायला जिवंत गाठ हाताळणारा शल्यचिकित्सक लागला. ‘हा उपचार मनमाडच्या गाडीने येणाऱ्या माणसाला झेपेल का?’ हा प्रश्न विचारायला परळच्या बाह्यरुग्ण विभागातील रांग रोज पाहणारा डॉक्टर लागला. दोन्ही वेळा उत्तर दडलेले नव्हते. प्रश्न विचारणारा योग्य जागी उभा असावा लागला.

३५. आणि १९५५ चा तो लेखही लक्षात ठेवू या. नव्या वाहिन्या कशा रोखायच्या हे शिकायला जगाला अर्धशतक लागले, आणि लाभ महिन्यांत मोजावा लागतो. तंबाखूची पुडी न उघडण्याचा लाभ वर्षांत मोजला जातो. खानोलकरांच्या पिढीने मुंबईत बसून हे सांगितले, त्याला आता सत्तर वर्षे झाली. सर्वांत स्वस्त वाहिनीरोधक कोणता, असे कोणी विचारले तर माझे उत्तर हेच असेल : जी गाठ जन्मलीच नाही, तिला रक्त लागत नाही.

३६. गेलनला खेकड्याचे पाय दिसले. ते पाय गाठीकडे अन्न नेतात हे समजायला सुमारे अठराशे वर्षे गेली. पुढच्या वेळी ‘कर्करोग’ हा शब्द वाचाल तेव्हा त्यातील खेकडा जरा निरखून पाहा. मराठीने तो प्रश्न शब्दात जपून ठेवला आहे.

धागा संपला. उपयुक्त वाटला तर ज्या घरी हा रोग आहे, आणि ज्या घरी तंबाखूची डबी आहे, तेथे अवश्य पोहोचवा. शंका असतील तर खाली विचारा.